विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६ : आरमार कुणाचं जळालं आणि कुणी जाळलं?

मंडळी, फेब्रुवारी महिना आला की एक पोस्ट हमखास फिरायला लागते. विजयदुर्गाचा फोटो आणि खाली एक ओळ : नानासाहेब पेशव्यानं इंग्रजांना हाताशी धरून शिवरायांचं आरमार बुडवलं. मग कॉमेंटमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाचव्या-सहाव्या कॉमेंटला जात निघते, दहाव्याला आई-बहीण निघते. दुसऱ्या बाजूचे लोक तुळाजी आंग्रे लुटारू होता, बंडखोर होता, त्याचा बंदोबस्त करणं भागच होतं, असं सांगायला येतात. रात्री बारापर्यंत हे चालतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे हरभऱ्याच्या भावावर बोलायला लागतात.

मला यात एक गोष्ट खटकते. या भांडणात इंग्रज कुठंच नसतात. ज्यांच्या तोफांनी आरमार जळालं, ते काय विचार करून आले होते, त्यांना काय पाहिजे होतं, ते परत जाताना काय घेऊन गेले, यावर कुणी एक ओळ लिहीत नाही. म्हणून जरा लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

कुणी म्हणेल, अहमदपूरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय? आपल्याला पाणी म्हणजे मन्याड, आणि फार तर लिंबोटीचं धरण. पण ऐका. विजयदुर्गावर जे इंग्रजी सैन्य उतरलं, ते खरं तर आपल्याकडं यायचं होतं. तेव्हा आपला हा सगळा टापू निजामाच्या अमलाखाली. गादीवर सलाबतजंग, आणि त्याच्या मागे उभा फ्रेंच सेनापती बुसी. १७५१ पासून दख्खनच्या सुभ्यात बुसीची पलटण आणि बुसीचा तोफखाना म्हणजे अखेरचा शब्द. लंडनच्या कंपनीवाल्यांना हे सलत होतं. त्यांनी बेत आखला की मुंबईला फौज पाठवायची, पेशव्याला बरोबर घ्यायचं आणि दख्खनमध्ये शिरून बुसीला उखडायचं. त्यासाठी रॉबर्ट क्लाइव्ह १७५५ च्या अखेरीस मुंबईत उतरला. बादशाही आरमाराचा रिअर-ॲडमिरल चार्ल्स वॉटसनही आपली जहाजं घेऊन तिथं आला. पण तोवर मद्रासकडं इंग्रज आणि फ्रेंचांनी लढाई थांबवायचा करार केला होता. मुंबईकर इंग्रज कचरले, दख्खनची मोहीम बारगळली. आता एवढी मोठी जहाजं, एवढे गोरे शिपाई मुंबईत नुसते बसून. त्यांचं करायचं काय? मग नजर गेली विजयदुर्गाकडं.

म्हणजे क्लाइव्हची पलटण औरंगाबादच्या वाटेला लागली असती तर इतिहास कुठं गेला असता, कुणाला ठाऊक. ती गेली देवगडच्या बाजूला.

आता आंग्रे. कान्होजी आंग्र्यांबद्दल आपल्याकडं शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात, पण त्या माणसानं काय केलं ते नीट बघायला पाहिजे. १७१७ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, हात हलवत गेले. १७१८ मध्ये खांदेरीवर आले, तेच झालं. १७२० ला पुन्हा विजयदुर्ग. १७२१ ला तर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर आले, इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं बरोबर होती, तरी काही साधलं नाही. १७२४ ला डच आले. तेही परतले. १७२९ मध्ये कान्होजी गेले तेव्हा मुंबईपासून खाली विजयदुर्गापर्यंत समुद्रावर त्यांची परवानगी चालत होती.

ही परवानगीच सगळ्या भांडणाचं मूळ. कान्होजींचं म्हणणं साधं होतं. किनारा आमचा, किल्ले आमचे, या पाण्यातून व्यापारी जहाज न्यायचं असेल तर आमचं दस्तक घ्या आणि फी भरा. नाही घेतलं तर जहाज जप्त. आपल्याकडच्या जकात नाक्यासारखंच, फक्त पाण्यावर. आणि ही पद्धत काही आंग्र्यांनी शोधलेली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. इंग्रजसुद्धा स्वतःचे पास देत होते. भांडण त्यातूनच पेटायचं. इंग्रज म्हणायचे, आमच्या निशाणाखाली जे जहाज चाललंय त्याला हात लावायचा नाही. आंग्रे म्हणायचे, निशाण तुमचं असेल, माल सुरतेच्या शेटजीचा आहे, त्यानं आमची फी चुकवायला तुमचं फडकं लावलंय.

इंग्रजी कागदांत मात्र हे सगळं एका शब्दात उरकलंय : पायरेट. कान्होजी, सेखोजी, संभाजी, तुळाजी, सगळ्यांना मिळून एकच नाव, अँग्रिया. जणू एकच माणूस साठ वर्षं समुद्रावर फिरत होता. पण त्यांच्याही बाजूनं थोडं बघू या. लंडनहून निघालेलं जहाज मुंबईला पोचायला अर्धं वर्ष आणि त्याहून जास्त लागायचं. त्यात कुणाची पुंजी, कुणाचा मुलगा. मुंबई दोन दिवसांवर आली आणि तिथं गुराबांनी गाठलं, तर घरची माणसं काय म्हणणार? १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्र्यानं डर्बी नावाचं जहाज असंच पकडलं. पकडलेल्या खलाशांना किल्ल्यात कैद व्हायची. मुंबईच्या इंग्रजाला आंग्रे म्हणजे काय वाटत असेल, ते समजायला अवघड नाही. त्याला त्यात सार्वभौमत्व दिसत नव्हतं, गेलेलं जहाज दिसत होतं.

घरातली भांडणं हा पुढचा भाग, आणि इथं मराठी माणसाला ओळखीचं सगळं सापडेल. कान्होजींच्या मागे थोरला सेखोजी १७३३ मध्ये वारला आणि संभाजी-मानाजी भावाभावांत जुंपली. १७३५ मध्ये थोरल्या बाजीरावांनी वाटणी करून दिली. मानाजी कुलाब्याला वजारतमाब, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडं सरखेल. एका आरमाराची दोन आरमारं झाली. काही अभ्यासक म्हणतात पेशव्यांनी मुद्दाम फोडलं, काही म्हणतात दुसरा इलाज नव्हता. मला वाटतं दोन्ही थोडं थोडं खरं आहे. भाऊबंदकी पेशव्यांनी लावली नव्हती, पण ती मिटू नये याची सोयही त्यांना नकोशी नव्हती.

१७४० मध्ये एक प्रसंग घडला, त्याकडं फारसं कुणी बघत नाही. संभाजी आंग्रे कुलाब्यावर चालून आला. मानाजीनं मदतीला एकीकडं पेशव्यांना बोलावलं आणि दुसरीकडं मुंबईच्या इंग्रजांना. जमिनीवरून पेशव्यांची फौज, पाण्यावरून इंग्रजांची जहाजं, आणि संभाजीला मागं फिरावं लागलं. पेशव्यांच्या फौजेबरोबर कोण होतं? एकोणीस-वीस वर्षांचे नानासाहेब. बाजीराव गेल्याची बातमी त्यांना याच मोहिमेत कळली. म्हणजे आंग्र्याला वठणीवर आणायचं तर जमिनीवर आपण आणि पाण्यावर इंग्रज, हा नमुना नानासाहेबांनी पोरवयात डोळ्यांनी बघितला होता, आणि तो नमुना घालून दिला होता एका आंग्र्यानंच. १७५५ चा करार आकाशातून पडला नाही.

संभाजीनंतर आला तुळाजी. माणूस हिमतीचा. १७४५ मध्ये त्यानं सिद्दीकडून अंजनवेल घेतलं. इंग्रजांचं रिस्टोरेशन नावाचं जहाज पकडून आपल्या आरमारात घातलं. १७५४ मध्ये तीन डच जहाजांशी लढून दोन जाळली, तिसरं पकडलं. हे नाव, रिस्टोरेशन, लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

पण तुळाजीचं पेशव्यांशी जमलं नाही. त्याच्या बाजूनं बघितलं तर तो म्हणणार, सरखेली आम्हाला छत्रपतींनी दिली, पेशवा तसा मीही, मी त्याचा नोकर कुठं? डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर तर हा प्रश्न जास्तच टोकदार झाला. ताराराणी पेशव्यांच्या विरोधात उभ्या होत्या, सातारा आणि पुणे यांच्यात कोण मोठं हे ठरायचं होतं. नानासाहेबांच्या बाजूनं बघितलं तर राज्याचा कारभार आता पुण्यातून चालतोय, आणि हा गृहस्थ खंडणीचा वाटा देत नाही, उलट शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखात फौज घालतो. सावंतवाडीकर, बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी, सगळ्यांच्या तक्रारी. असा सरदार कुठला सत्ताधीश चालवून घेईल?

मग अडचण एकच. तुळाजीचे मोठे किल्ले पाण्यात. पेशव्यांचा घोडा अटकेला जाईल, पण हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्गापर्यंत कसा जाणार? गलबतं पाहिजेत, मोठ्या तोफा असलेली. ती इंग्रजांकडं होती.

१९ मार्च १७५५ ला मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शिए आणि पेशव्यांच्या वतीनं रामाजी महादेव बिवलकर यांच्यात करार झाला. पाण्यावरची कमान इंग्रजांची, जमिनीवरची पेशव्यांची. किल्ले पेशव्यांना, बाणकोट इंग्रजांना. एप्रिलच्या सुरुवातीला कमोडोर विल्यम जेम्स प्रोटेक्टर जहाज घेऊन सुवर्णदुर्गापुढं गेला. वरिष्ठांनी सांगितलं होतं की नुसती नाकेबंदी कर. त्यानं थेट भडिमार केला, किल्ल्यातलं दारूकोठार उडालं आणि दोन दिवसांत सुवर्णदुर्ग पडला. मराठ्यांची गलबतं बरोबर होती, पण मागे मागेच राहिली, असं इंग्रज लिहून ठेवतात. जमिनीवर रामाजीपंतांनी किल्ल्यांमागून किल्ले घेतले. मग पावसाळा लागला. पुढच्या हंगामाला विजयदुर्ग उरला.

विजयदुर्ग मी बघितलाय. वाघोटन नदी जिथं समुद्राला मिळते तिथं, तीन बाजूंना पाणी, एका बाजूनं जमीन. एकात एक तीन तट. बुरुजावर उभं राहिलं की खाडी आतपर्यंत वळत जाताना दिसते आणि आंग्र्यांची गोदी तिथंच का बांधली ते न सांगता कळतं. इंग्रज त्याला घेरिया म्हणत, जवळच्या गिर्ये गावावरून. चाळीस वर्षं त्यांनी त्याची धास्ती घेतली होती. त्यांच्यात अशी समजूत होती की तो जिब्राल्टरसारखा आहे, घेताच येणार नाही.

७ फेब्रुवारी १७५६ ला वॉटसन मुंबईतून निघाला. त्याच्या केंट जहाजावर ७० तोफा, कंबरलँडवर ६६, टायगरवर ६०, सॅलिसबरीवर ५०. शिवाय कंपनीची जहाजं, आणि बॉम्ब फेकणाऱ्या खास नौका. क्लाइव्हच्या हाताखाली गोरे आणि देशी मिळून हजारावर शिपाई. आणखी एक गोष्ट निघायच्या आधीच झाली होती, ती सगळ्यात महत्त्वाची. वॉटसन, क्लाइव्ह आणि बाकीच्या अधिकाऱ्यांनी मुंबईत बसून लूट कशी वाटायची ते ठरवून घेतलं. कुणाला किती हिस्सा, आरमाराला किती, पायदळाला किती. क्लाइव्हचा हिस्सा कमी पडतो म्हणून रुसवेफुगवेही झाले. या वाटणीत पेशव्यांचं नाव कुठंच नव्हतं. किल्ला पडायच्या आधी, जहाजं सुटायच्याही आधी, मित्राचा वाटा शून्य धरून हिशेब तयार होता.

इकडं तुळाजी काय करत होता? किल्ल्यावर नातलगांना ठेवून तो पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. त्याला उशिरा का होईना समजलं होतं की पेशव्यांशी पडतं घेतलं तर काहीतरी वाचेल, इंग्रजांपुढं काहीच वाचणार नाही. पेशव्यांच्या सरदारांनाही तेच हवं होतं. किल्ला गुपचूप आपल्या हातात आला तर इंग्रजांची गरजच उरणार नव्हती. दोन मराठी पक्ष शेवटच्या क्षणी एकमेकांकडं वळले होते. फार उशीर झाला होता. छावणीत तुळाजी पाहुणा राहिला नाही, कैदी झाला.

वॉटसनला ही बातमी लागली आणि तो बिथरला. करार मोडून आपल्या पाठीमागं सौदा चाललाय, हे त्याचं म्हणणं. आता यातही तथ्य आहे बरं का. रामाजीपंत इंग्रजांना न सांगता बोलत होते, हे नाकारता येत नाही. पण वाटणीचा कागद ज्यांच्या खिशात होता, त्यांनी विश्वासघाताची तक्रार करावी, हेही जरा जास्तच.

१२ फेब्रुवारीला दुपारी जहाजं दोन रांगांनी खाडीच्या तोंडात शिरली. पुढच्या रांगेत मोठी लढाऊ जहाजं, म्हणजे तटाच्या तोफांचा मारा ती अंगावर घेतील, आणि त्यांच्या आडोशाला बॉम्बच्या नौका. किल्ल्यावरून तोफा सुरू झाल्या. इंग्रजांनी नांगर टाकून उत्तर दिलं.

आता तटावरच्या गोलंदाजाच्या जागी उभे राहून बघा. कान्होजींच्या वेळेपासून आंग्र्यांच्या आरमाराची लढायची रीत ठरलेली. गुराबांनी दुरून तोफा डागायच्या, शिडं-डोलकाठ्या मोडायच्या, मग वल्ह्यांची हलकी गलबतं चहूकडून झडप घालणार. वारा पडला की मोठं जहाज लुळं पडतं, गलबत नाही. आणि अंगावर आलंच तर उथळ खाडीत घुसायचं, जिथं मोठ्या जहाजाचा तळ जमिनीला लागेल. या रीतीनं चाळीस वर्षं सगळ्यांना पळवून लावलं. पण ही मोकळ्या पाण्यावरची रीत होती. त्या दिवशी आरमार किल्ल्याच्या कुशीत, एकमेकांना लागून उभं होतं. सरखेल स्वतः छावणीत अडकलेला. जमिनीकडून पेशव्यांची फौज. बाहेर समुद्रात जाऊन लढा असा हुकूम द्यायला कुणी नव्हतं. त्या गलबतांवर कोळी होते, भंडारी होते, गाबीत होते, कोकणी मुसलमान होते, ज्यांच्या बापजाद्यांनी कान्होजींची चाकरी केली होती. त्यांना त्या दिवशी समुद्रावर लढायला मिळालंच नाही.

आणि तो बॉम्ब. साधा तोफगोळा तटावर आदळतो, विजयदुर्गाच्या भिंतीनं असले कितीतरी पचवले. बॉम्बचा गोळा उंच जातो, तट ओलांडून आत पडतो आणि मग फुटतो. दुपार कलताना असा एक गोळा येऊन पडला तो रिस्टोरेशनवर. इंग्रजांकडून पकडलेलं तेच जहाज. ते पेटलं, शेजारचं पेटलं, आणि बघता बघता सगळं आरमार पेटलं. गोदीत नवी मोठी जहाजं बांधायला घेतलेली होती, तीही गेली. एवढ्या मोठ्या घटनेत इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसेक माणसं. संध्याकाळपर्यंत आरमार संपलं होतं.

रात्री क्लाइव्हनं शिपाई जमिनीवर उतरवले. कुठं, तर किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मध्ये. तोंड किल्ल्याकडं असलं तरी अडवायचं होतं मित्राला. किल्ल्यावरचे लोक मराठ्यांच्या हवाली होऊ नयेत म्हणून. १३ तारखेला पुन्हा भडिमार झाला आणि किल्ल्यानं निशाण उतरवलं. इंग्रज आत गेले. दोनशेहून जास्त तोफा सापडल्या, रोकड आणि माल मिळून दहा लाख रुपयांच्या आसपास ऐवज. ठरल्याप्रमाणे वाटून घेतला. पेशव्यांच्या लोकांना दारातून आत येऊ दिलं नाही.

वॉटसनच्या जहाजावर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा डॉक्टर होता, त्यानं पुढं १७७३ मध्ये प्रवासवर्णन छापलं. त्यात तुळाजीच्या कुटुंबाला भेटायला वॉटसन गेला तो प्रसंग आहे. तुळाजीची आई रडत म्हणाली की आता लोकांना राजा नाही, मला मुलगा नाही, लेकरांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, मी सांभाळीन. तेव्हा सहा वर्षांच्या पोरानं त्याचा हात धरला आणि मग तूच माझा बाप, अशा अर्थाचं काही बोलला. ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आलं, असं आइव्ह्ज लिहितो. मला हा प्रसंग खोटा वाटत नाही. माणूस रडला असेल. पण रडण्याच्या आधी त्यानं त्या पोराच्या घरातला ऐवज मोजून घेतला होता, तेही त्याच पुस्तकात आहे.

आता नानासाहेब. करारानं किल्ला त्यांचा. इंग्रज देईनात. तुम्ही आमच्या मागे तुळाजीशी बोललात, करार तुम्ही मोडलात, बाणकोट घ्या आणि विजयदुर्ग आमच्याकडं राहू द्या, असं मुंबईचं म्हणणं. पेशवे पत्रावर पत्र लिहीत राहिले. त्या वेळी ते स्वतः कर्नाटकात सावनूरच्या मोहिमेत होते, आणि गंमत बघा, तिथं त्यांच्या बाजूनं लढत होता बुसी. ज्याला उखडायला इंग्रज पेशव्यांची मदत मागत होते, तोच. १८ व्या शतकात कोण कुणाच्या बाजूनं हे दर सहा महिन्यांनी विचारावं लागायचं. शेवटी १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहानं विजयदुर्ग मिळाला. बदल्यात बाणकोट आणि दहा गावं इंग्रजांची पक्की झाली, आणि पेशव्यांच्या मुलखात डचांना व्यापारबंदी.

तोपर्यंत वॉटसन आणि क्लाइव्ह कुठं होते? ते मद्रासला गेले होते. तिथं कलकत्ता सिराजउद्दौल्यानं घेतल्याची बातमी आली आणि तीच जोडी, बरीचशी तीच जहाजं बंगालला निघाली. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतलं, मार्चमध्ये चंद्रनगर, जूनमध्ये प्लासी. विजयदुर्गाच्या भडिमारापासून प्लासीपर्यंत सोळा महिने. इकडं पश्चिम किनाऱ्यावर १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. त्यांना वाटेत दस्तक मागणारं मोठं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून त्या एका ओळीच्या पोस्टला माझं उत्तर असं आहे. मराठ्यांचं सगळं आरमार १७५६ ला बुडालं, हे खरं नाही. कुलाब्याला मानाजीचं आरमार होतं. विजयदुर्गाला पेशव्यांनी स्वतःचा आरमारी सुभा उभा केला, आनंदराव धुळप त्याचे सरदार. एप्रिल १७८३ मध्ये याच धुळपांनी रत्नागिरीच्या बाजूला इंग्रजांचं रेंजर जहाज लढून पकडलं. हे बुडालेल्या आरमाराचं काम नव्हे. पण जळालं ते सगळ्यात दांडगं, सगळ्यात अनुभवी, आणि मुख्य म्हणजे समुद्रावर परवाना मागायची धमक असलेलं. धुळप शूर होते, पण ते पुण्याचे सुभेदार होते. समुद्र हा आपला मुलूख आहे असं मानणारी सरखेली तिथं परत आली नाही.

नानासाहेब गद्दार होते का? मी तसं म्हणणार नाही. त्यांना इंग्रज तेव्हा जसे दिसत होते तसे बघा. एका बेटावरचे व्यापारी, मुलूख नाही, घोडदळ नाही, मोसम संपला की गप्प बसणारे. खरी धास्ती निजामाची आणि त्याच्यामागच्या फ्रेंचांची. आपल्या शेजारच्या उदगीरला ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला गुडघ्यावर आणलं, साठ लाखांचा मुलूख मिळवला, तेव्हा पुण्यात काय आनंद झाला असेल. जमिनीवरचा सगळा हिशेब बरोबर येत होता. त्यानंतर वर्षभरात पानिपत, आणि जून १७६१ मध्ये नानासाहेब गेले.

पण चूक होती का? होती, आणि मोठी होती. तुळाजीला वठणीवर आणायचं हे धोरण मला समजतं. त्याचं आरमार सांभाळून माणूस बदलायचा, हे जमवायला पाहिजे होतं, आणि शेवटच्या आठवड्यात ते जवळजवळ जमतही आलं होतं. घरातलं भांडण सोडवायला ज्याला बोलावलं, तो कशासाठी येतोय हे विचारलंच नाही. वॉटसनच्या खिशातला कागद कुणी वाचला असता तर सगळं त्यात लिहिलेलं होतं. तुळाजीचंही तेच. एवढा शूर माणूस, पण सातारा-पुण्याच्या भांडणात कुणाशीच नीट जमवून घेतलं नाही. कुलाब्याला सख्खा बापाचा मुलगा बसलेला, तोही मदतीला आला नाही.

इंग्रजांनी मात्र दोन्ही विजय जपून ठेवलेत. लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक तिकोनी बुरूज आहे, सेव्हर्नड्रूग कॅसल. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. कमोडोर जेम्सच्या बायकोनं नवऱ्याच्या आठवणीसाठी १७८४ मध्ये बांधला. वेस्टमिन्स्टर ॲबीत वॉटसनचं स्मारक आहे, कंपनीनं पैसे दिले. त्यावर कलकत्ता आणि चंद्रनगरबरोबर घेरियाचं नाव कोरलेलं आहे. आपल्यापैकी कुणाची पोरं तिकडं शिकायला असतील तर त्यांना फोटो काढून पाठवायला सांगा.

तुळाजी सुटला नाही. या किल्ल्यातून त्या किल्ल्यात फिरवत पेशव्यांनी त्याला मरेपर्यंत कैदेत ठेवलं. त्याचे दोन मुलगे मात्र बऱ्याच वर्षांनी निसटले. पळून जाऊन त्यांनी आसरा घेतला तो मुंबईत, इंग्रजांकडं, आणि इंग्रजांनी तो दिला.